औषधाच्या खोक्यातला कागद

शमीम सिस्टरांशी माझी पहिली ओळख झाली ती रागातच. यवतमाळच्या एका रुग्णालयाच्या कॅन्सर वॉर्डात मी नुकतीच रुजू झाले होते. ढाणकीहून आईने बांधून दिलेला डबा मी औषधं मिसळायच्या टेबलावरच उघडला. वॉर्डाच्या इन्चार्ज असलेल्या सिस्टरांनी तो उचलून व्हरांड्यात नेला आणि मला साबणाने हात धुवायला लावले. त्यांचे वडील वणीत ट्रक दुरुस्त करायचे. ऑइलच्या हाताने भाकरीला शिवू द्यायचे नाहीत. सिस्टरांची ही शिस्त तिथली, हे मला फार पुढे कळलं.

तेव्हा आम्ही सगळ्याच जणी केमोची औषधं उघड्या टेबलावर मिसळत होतो. सुई बाहेर काढताना बारीक तुषार हातावर उडत. रोग्याला बरं करणारं हे औषध रोज हाताळणाऱ्या निरोगी बाईला बाधू शकतं, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. सिस्टरांनाही नाही. पण आम्ही खोक्याबरोबर फेकून देत होतो तो बारीक अक्षरांचा इंग्रजी कागद त्यांनी घरी नेला, आणि मुलीला शेजारी बसवून ओळ न् ओळ समजून घेतला.

त्यांनी कागद वाचला त्याच्या आदल्या वर्षी, याच टेबलावर काम करत असताना, माझा गर्भ पडला होता. पुन्हा दिवस गेले तेव्हा मी कोणाला सांगितलं नाही. माणसं कमी, रोग्यांची रांग मोठी. काम कोणावर टाकणार? सिस्टरांनी मात्र ओळखलं. मी विचारलं, मागचं या औषधानेच झालं का? त्या म्हणाल्या,

"औषधानंच झालं, असं मी म्हणत नाही. नाही झालं, असंही मले म्हणता येत नाही. माह्यी लेकरं मोठी झाली. तू या टेबलापाशी येऊ नोको."

दुसऱ्या दिवशी त्या तोच कागद घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. उपचार थांबवता येणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. थांबवा असं मी म्हणतच नाही, सिस्टर म्हणाल्या. रोग्यांचं चालू राहू द्या, पण आमचंही बघा. डॉक्टरांनी कागद पूर्ण वाचला आणि औषधं मिसळायच्या बंदिस्त पेटीच्या मागणीपत्रावर सही केली. दूषित हवा ओढून घेणारी काचेची पेटी यायला काही महिने लागले. तोवर एका वेगळ्या खोलीत, दुहेरी हातमोजे आणि गाऊन घालून, सगळी औषधं सिस्टरांनी एकट्यांनीच मिसळली. आम्ही पाळ्या लावू म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. सांडलेलं औषध कसं पुसायचं, हे मात्र त्यांनी सर्वांत आधी सफाईच्या चंद्रकलामावशींना शिकवलं. उघड्या हातांनी पोछा त्याच मारत होत्या, म्हणून.

पेटी आली त्याच सुमारास सिस्टरांच्या रक्तात पांढऱ्या पेशी कमी निघाल्या. ते दिवस मला अजून आठवतात. आपल्यासाठी या बाईंनी हे ओढवून घेतलं, या विचाराने मला घास जात नसे. त्यांना दुसऱ्या वॉर्डात पाठवलं आणि दर महिन्याला तपासणी सुरू झाली. तिसरा रिपोर्ट हाती आला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "ठीक हाय सगळं. चहा मांडा आता." मावशी पदराने डोळे पुसत हसत होत्या. मी तर तिथेच खुर्चीत बसून राहिले. पुढे माझी मुलगी सुखरूप जन्मली. तिला पहिल्यांदा हातात घेताना सिस्टरांनी तिची दहाही बोटं मोजली आणि मग कुठे मला मुबारक म्हणाल्या.

आज त्या साठीच्या झाल्या आहेत. निवृत्तीनंतर वणीत राहतात, नातवंडांमागे धावतात. तरी कुठल्या तालुक्यातल्या नर्सचा फोन आला की हातमोजे कोणते मागायचे, अर्ज कसा लिहायचा, हे सगळं शांतपणे सांगतात.

सिस्टरांना दीर्घ, निरोगी आयुष्य लाभो. त्यांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात काहीतरी लिहायचं असतं म्हणून आम्ही परिचारिका हे लिहीत नाही. निरोगी राहणं हा आमचाही हक्क आहे, हे आम्हाला त्यांच्यामुळेच कळलं.