नोलीनबाई दारोदार गेल्या

नोलीन रॅट्रीबाई आमच्या शाळेत पाच वर्षांच्या मुलांना वाचायला शिकवायच्या. शेजारचा वर्ग माझा, मधली भिंत लाकडी. माताउरा नदीकाठच्या आमच्या गावात निम्मी घरं मेंढ्यांच्या कत्तलखान्यावर जगायची. घरात पुस्तक क्वचित. बाई मुलांना चटईवर बसवत, हातभर उंच पुस्तक उभं करत आणि सगळे मिळून मोठ्यानं वाचत. अक्षरं सुटी करून घोकायची नाहीत. अडलं तर चित्र बघायचं, गोष्टीवरून ओळखायचं. तेव्हा देशभर तीच रीत होती. बाईंची तिच्यावर श्रद्धा होती, आणि मुलं त्यांच्या वर्गातून घरी जायला नाखूश असत.

एकदा शाळा सुटल्यावर गॅव्हिन टूमी कामावरून तसाच गमबूट घालून आला. सोबत त्याची सात वर्षांची मुलगी शेरिल, बाईंच्याच हाताखालून पुढच्या वर्गात गेलेली.

“बाई, हिला वाचायला सांगा.”

शेरिलनं पहिलं पान घडाघडा म्हटलं. पुढच्या पानावर गॅव्हिननं आपला रुंद पंजा चित्रावर ठेवला. “आता वाच.”

शेरिल त्या पंजाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “घोडा?”

तिथे ‘कुंपण’ असं लिहिलं होतं.

“घरी डोळे मिटूनही वाचते,” गॅव्हिन म्हणाला. “आधी मला कौतुक वाटायचं.”

दुसऱ्या दिवसापासून बाई शेरिलला शाळा सुटल्यावर मागे थांबवून एकेका अक्षराचा आवाज शिकवू लागल्या. हे शहरातून शाळा तपासायला येणाऱ्या वाचनाच्या सल्लागारांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, “नोलीन, शब्दाचे तुकडे केलेस की अर्थ मरतो.”

“अर्थ तिच्यापाशी भरपूर आहे. शब्दच नाहीत,” बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापकांनी वर्गात हे नको म्हणून सांगितलं. मग शेरिल बाईंच्या स्वयंपाकघरात शिकली, आणि वाचू लागली.

बाईंचा जीव मात्र थाऱ्यावर राहिला नाही. आधीच्या इतक्या वर्षांत अशी किती मुलं पुढे ढकलली आपण? निवृत्त झाल्यावर त्या जुन्या विद्यार्थ्यांची दारं ठोठावू लागल्या. बरेच जण चांगले वाचत होते. ते हसून चहा द्यायचे. काहींनी दार उघडलंच नाही. लेस्टर हा कत्तलखान्यातला धिप्पाड गडी. त्यानं त्यांना उंबऱ्यावरच उभं ठेवलं.

“तुम्ही म्हणायचात, लेस्टर, किती छान वाचतोस. मी खरं मानलं, बाई. हायस्कुलात पोरं हसेपर्यंत.”

“चूक माझी होती,” बाई म्हणाल्या. “अजून शिकशील?”

“आता? लोक काय म्हणतील?” त्यानं दार लावून घेतलं.

हिवाळ्यात बायकोच त्याला घेऊन आली. बाई दोन वर्षं शिकवत होत्या. त्याला पुस्तकांची गोडी काही लागली नाही, पण ट्रकच्या परवान्याची लेखी परीक्षा त्यानं स्वतः वाचून दिली.

शेवटच्या आजारात मी बाईंच्या उशाशी बसायचे. लेस्टरचा विषय कौतुकानं काढला की त्या मान फिरवत आणि ज्यांची दारं उघडली नव्हती, त्यांची नावं घेत.