शुद्ध इंग्रजीतला प्रस्ताव

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी नांदेडहून बी.ए.ची इंग्रजी घेऊन तिथल्या एका कचेरीत कारकून म्हणून लागलो. कचेरी म्हणजे भाड्याचं घर. कपाटं यायची होती, म्हणून जुन्या जिल्ह्याकडून आलेले कागदांचे बस्ते जमिनीवरच एकावर एक रचलेले. दुपारी खिडकीतून पांढरं ऊन आत यायचं, बस्त्यांवरची धूळ त्यात तरंगत राहायची आणि मला वाटायचं, हे कागद झोपलेत नि मीही त्यांच्यातलाच एक आहे. ते दिवस आठवतात ते असेच, डुलकीत पाहिल्यासारखे.

पाऊस दोन वर्षं रुसला होता. गावोगाव दुष्काळी कामं निघत होती आणि त्यांचे प्रस्ताव आमच्याकडून वर जायचे, तेही इंग्रजीत. ते लिहायचे आमचे हेडक्लार्क. देगलूरकडचे, निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. त्यांच्या इंग्रजीत सगळी आपलीच मंडळी बसलेली असायची: नाला, बंड म्हणजे आपला बांध, तलाव, कच्चा, पक्का. मला लाज वाटायची, खरंच सांगतो. माझ्या टेबलावर जाड शब्दकोश होता आणि डोक्यात कॉलेजची हवा. इंग्रजी लिहायची तर निर्भेळ लिहावी, असं माझं ठाम मत होतं.

त्या कोशात प्रत्येक शब्दापुढे त्याचं मूळ गाव दिलेलं होतं. दुपारचं काम थंडावलं की मी ती गावं वाचत बसायचो. 'बंगला' आपल्याकडचा, 'लूट' आपल्याकडची, 'शॅम्पू' तर डोकं चेपून देणाऱ्यांकडून गेलेला. डोळे मिटले की हे सगळे शब्द डोक्यावर बोचकी घेऊन बोटीत चढताना मला दिसायचे. 'शुगर' सगळ्यांत लांबून आली होती. संस्कृतातून निघाली आणि अरबस्तान, फ्रान्स करत करत तिकडं पोचली. पुढं वाचावं तर 'ऑफिस' लॅटिन, 'डिस्ट्रिक्ट'ही लॅटिन, 'पेपर' त्याहून दूरचा. उसनं सगळं काढून घेतलं तर इंग्रजांपाशी उरेल काय, असा प्रश्न पडायचा आणि मी तो तसाच डुलकीवर ढकलायचो. लॅटिनला हात लावायची माझी छाती नव्हती. मी हाकलत होतो ते फक्त आपल्याकडचे शब्द. अशी माझी शुद्धता!

एकदा हेडक्लार्क आठ दिवस रजेवर गेले आणि त्यांचं काम माझ्याकडं आलं. त्याच आठवड्यात एक बाई दारात येऊन उभी राहिली. पन्नाशीची, गावाहून चालत आलेली, पदर धुळीनं माखलेला.

"सायब, आमच्या गावच्या नाल्याचं काम कवा निघतंय?"

"कागद तयार होतोय, मावशी."

"लौकर करा. सून पोटुशी हाय, सातवा सरला. काम निघालं तर गावातच ऱ्हाऊ. न्हाई तर समदी वीटभट्टीला निघून राहिलेत, पार धर्माबादच्या पलीकडं. मागलं लेकरू तिथंच गेलं तिचं. ह्या खेपी घरात व्हावं, एवढंच हाय."

"उद्याच पाठवतो," मी म्हणालो.

आणि पाठवलाही. डुलकीत नव्हे, भर दुपारी, पूर्ण शुद्धीत मी तो प्रस्ताव लिहिला. 'नाला' काढला, 'बंड' काढला, लाल पेन्सिलीनं एकूण एक देशी शब्द खोडला आणि त्यांच्या जागी कोशातले खानदानी इंग्रजी शब्द बसवले. वाचताना मला विलायतेतली हिरवी कुरणं दिसत होती, त्यांतून झुळझुळ वाहणारा ओढा दिसत होता. निलंग्याकडचा तो कोरडा खडकाळ नाला मात्र कुठं दिसत नव्हता. साहेबांनी न वाचता सही केली.

तीन आठवड्यांनी कागद परत आला. वरच्या कचेरीत मंजूर कामांच्या नावांची एक छापील यादी असे. तिथला कारकून कामाचं नाव त्या यादीत बोटानं शोधायचा, सापडलं नाही की कागद माघारी. यादीत छापलं होतं 'नाला बंडिंग'. मी लिहिलेल्या नावाचं काम त्यांच्याकडं नव्हतंच.

हेडक्लार्कांनी चष्मा पुसून कागद दोनदा वाचला.

"बाबू, हे काय लिहून ठेवलात?"

"शुद्ध इंग्रजी," मी म्हणालो.

"अहो, हे शब्द इंग्रजानं इथून नेले, सांभाळले, कायद्याच्या पुस्तकात छापले. त्यानं ठेवून घेतलेल्यांना तुम्ही कामून हाकलून राहिले?"

त्यांनी जुन्या पद्धतीनं कागद पुन्हा लिहिला आणि आठ दिवसांत मंजुरी आली. काम निघालं त्या सकाळी मी हट्टानं गावात गेलो. मुकादम हजेरी घेत होता. एका घरची चार नावं पुकारली, कुणी ओ दिली नाही. "गेले ते," मागून कुणीतरी म्हणालं, "दहा दिस झाले, पोटुशी सून घिऊन." मुकादम पुढच्या नावाकडं वळला. मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त भीती वाटली.

दोन महिन्यांनी मोजमापाला गेलो तेव्हा ती बाई परत येऊन कामावर लागलेली होती. पाठीशी झोळीत इवलंसं लेकरू.

"नात," ती म्हणाली. "वाटंवर ट्रकातच झाली. जगली. सून अजून अंथरुणातच हाय."

मी तिथंच सगळं सांगून टाकलं. काम माझ्यामुळं अडलं, मी कागदातला शब्द खोडला म्हणून.

"कामून खोडला?"

"तो इंग्रजांचा नव्हता."

"मंग कुणाचा व्हता?"

"आपल्याकडचाच."

तिनं झोळीतल्या पोरीच्या तोंडावर पदर ओढला आणि माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे, समजून घ्यायचं होतं तिला.

"आपला व्हता म्हून खोडला?"

मला हो म्हणावं लागलं.