‘धुडकावलं’

कन्नडच्या स्टँडवर माझ्या वडिलांनी, आबांनी, मला एसटीत खिडकीपासून लांबची जागा धरून दिली. एरवी ते खिडकीची धरत. बॅग पायाशी ठेवून म्हणाले, “उतरल्याबरोबर फोन कर. आन् रस्त्यात बाहीर बघू नको.” स्टँडच्या फाटकाबाहेर ती काळीपिवळी जीप उभी होती. बस हलेपर्यंत आबा जीप आणि बसच्या मधे उभे राहिले.

जीप ज्याची होती, त्याचं स्थळ मला आलं होतं. माणसं बरी, शेती बागायती. मला शिकायचं होतं आणि तो नको होता. आपल्याकडं नकार कुणी नकार म्हणून देत नाही, हे गावाकडं राहिलेल्या कुणाला सांगायला नको. पत्रिका जमत नाही, यंदा करायचं नाही, मोठ्या काकांना विचारून कळवतो. ऐकणाऱ्याला सगळं कळतं आणि त्याचा फेटा डोक्यावर राहतो. आबांनीही पत्रिकेचंच सांगितलं. तिकडून निरोप आला, दुसऱ्या गुरुजीला दाखवू. तेव्हा आई दारातूनच मध्यस्थाला म्हणाली, “पत्रिकेचं काय नाय भाऊ. पोरगी नाय म्हणते.”

एवढंच वाक्य. आठवडी बाजारातून फिरून ते परत आलं तेव्हा त्याचं ‘धुडकावलं’ झालं होतं.

मग जीप कॉलेजसमोर लागू लागली. त्यानं कधी हात लावला नाही, शिवी दिली नाही. एकदाच जवळ येऊन शांतपणे म्हणाला, “लोकं म्हणत्यात, हिनं तुला धुडकावलं. आता तूच सांग, मी काय करू?” प्रश्न खरा होता. त्याला उत्तर हवं होतं. त्या आवाजाला मी आजही भिते.

आता मी संभाजीनगरात एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करते. छावणीत खोली आहे. घरमालकीणबाई ‘बेटा, खाना खाया क्या’ विचारतात. मीही आता ‘हो’च्या जागी त्यांच्यासारखं ‘हौ’ म्हणते. डेस्कवर नकाराचे शब्द रोज हाताखालून जातात. जामीन फेटाळतात, रजा नामंजूर होते, मागणी अमान्य होते, तिकीट नाकारतात. फेटाळायला अधिकार लागतो. धुडकावायला नुसता माज पुरतो. मुलीला नकाराचा अधिकार असेल हे गावाला सुचलं नाही, म्हणून गावानं दुसरा शब्द उचलला. हे मला इथं येऊन कळलं. शहाणपण आलं, भीती गेली नाही.

कारण तालुक्याच्या वार्ताहराकडून बातमीची कॉपी येते: ‘लग्नाचा प्रस्ताव धुडकावल्याने तरुणीवर हल्ला.’ मी आधी गाव बघते, मग नाव. मग वार्ताहराला फोन करते.

“धुडकावल्याने, हे कोण म्हणालं?”

“आरोपीच म्हणाला ना मॅडम, पोलिसांना.”

म्हणजे शब्द आरोपीचा आणि छापणार आम्ही. मी ‘नकारानंतर’ करते. ‘नकारामुळे’ नाही, ‘नकारानंतर’. मुख्य उपसंपादक हसतात. “तुमचं हेडिंग नेहमी एक अक्षर लांब जातं.” तरी बसवून देतात.

मागच्या रविवारी आबांचा फोन आला. माझ्या धाकट्या बहिणीला, स्वातीला, स्थळ आलंय, मुलगा शेंद्र्याच्या एमआयडीसीत कंपनीत, घर आमच्या शेजारच्या गावात. स्वाती नको म्हणते. मध्यस्थ ओसरीवर चहा पीत बसलेला, आबा गोठ्यात येऊन हळू बोलत होते.

“तू पेपरात हायेस. कुणाला लागणार नाय असा एखादा शब्द असंल तर सांग. तसंच सांगतो त्याला.”

मी विचार केला. माझ्याकडं तसा शब्द नव्हता. लागणं न लागणं शब्दात नसतं, ऐकणाऱ्यात असतं, आणि ऐकणारा कसा निघेल हे आधी कळत नाही.

“आई म्हणाली होती तेच सांगा,” मी म्हणाले.

आबांनी विचारलं, “मंग हिलाबी तिकडं पाठवू का?”

बॅग, एसटी, खिडकीपासून लांबची जागा, सगळं डोळ्यांसमोर आलं. “पाठवा,” मी म्हणाले.

मागून स्वातीचा आवाज आला. फोनपासून लांब, पण स्पष्ट. “मी नाय जायची. नाय म्हणले म्हणून घर कशाला सोडू?”

आबा ओसरीकडं गेले. त्यांनी कोणता शब्द वापरला, मी विचारलेलं नाही.

स्वाती घरीच आहे, कॉलेजला जाते. मी रोज संध्याकाळी तालुक्याची कॉपी उघडते, आधी गाव बघते, मग नाव. त्यात स्वातीचं नाव नसलं की कळतं, घर अजून शाबूत आहे.