बॉयलरवरचा नारळ

हसायचं नाही या अटीवर सांगतो. बरं, तुम्ही हसणारच, तेव्हा आधी हातातला कप खाली ठेवा, नाहीतर चहा माझ्या सतरंजीवर सांडेल आणि आमच्या सौभाग्यवती त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फोडतील. माणूस आयुष्यात चुका करतो. पण एका दिवसात, चांगल्या हेतूने आणि प्रसाद वाटून, सबंध कारखान्याला गोत्यात आणणारा माझ्यासारखा विरळाच.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी बार्शीचा. इंजिनिअरिंगच्या सँडविच कोर्सला होतो, म्हणजे काही महिने कॉलेज आणि काही महिने कारखान्यात उमेदवारी. आमच्या वडिलांच्या मित्रमंडळींची पक्की समजूत झाली होती, की मी हॉटेलच्या धंद्याचं शिक्षण घेतोय. एका काकांनी तर बटाटेवड्याचं प्रमाणही विचारलं होतं.

उमेदवारीसाठी मला मिळाली रत्नागिरी. आमरस डब्यांत भरण्याचा एक लहानसा कारखाना. बाहेरून पाहाल तर कौलारू गोठा वाटावा, पण आत एक बॉयलर होता आणि त्याच्या वाफेवर सगळा कारखाना चालायचा. निळा डगला घालून मी पहिल्या दिवशी आत शिरलो तेव्हा मला वाटलं, आता हा बॉयलर माझीच वाट पाहतोय. प्रत्यक्षात वाट पाहत होते ते मिस्त्री, पाना धरायला कोणीतरी हवं म्हणून.

हे गंगाराम मिस्त्री. राजापूरकडचे, मिशा पांढऱ्या, आवाज भरदार. बॉयलर त्यांच्या ताब्यात. कारखान्यात मॅनेजर सावंतसाहेबांचा हुकूम चालायचा, पण मिस्त्रींनी मान हलवल्यावर. मला ते ‘इंजनेर’ म्हणायचे. सुरुवातीला मला त्याचा अभिमान वाटायचा. पुढे लक्षात आलं, की ते चहा मागवतानाही याच नावाने हाक मारतात.

तर हंगाम सुरू होणार होता. त्याआधी बॉयलर इन्स्पेक्टर येऊन बॉयलर तपासणार, वाफ चढवून बघणार, सही करणार, आणि मग रस काढायला सुरुवात. मालकांनी उत्साहाच्या भरात आंबा आधीच आणून ठेवलेला. आढी उतरलेल्या, सगळ्या शेडभर हापूसचा घमघमाट. आणि पिकलेला आंबा काही कोणाच्या सहीसाठी थांबत नाही.

आदल्या दिवशी सावंतसाहेबांनी मला बोलावलं.

“बॉयलररूम चकाचक करून ठेव. बॉयलरवर एक फालतू वस्तू दिसता कामा नये. उद्या सगळं नीट पार पडलं, तर तुझ्या ट्रेनिंगचा शेरा मी स्वतः लिहीन. नाही पडलं, तरी मीच लिहीन.”

आता यापुढे कोण आळस करील? मी चिंध्या गोळा केल्या, जुने नटबोल्ट उचलले, कोणाचा तरी वाळत घातलेला बनियनही काढला. आणि बॉयलरच्या वर, भिंतीतल्या फळीवर मला एक नारळ दिसला. हळद-कुंकू लावलेला, खाली तांबडा कपडा, शेजारी विझलेली उदबत्ती.

तुम्ही घाटावरचे असाल तर तुम्ही काय केलं असतं सांगा. आमच्या बार्शीत नारळ म्हणजे फोडायचा. पूजा झाली, नारळ फोडला, खोबरं वाटलं, संपला विषय. इथे पूजा झालेली दिसत होती आणि नारळ तसाच. मी काढलेला निष्कर्ष अगदी शास्त्रशुद्ध होता: बिचारे मिस्त्री कामाच्या धांदलीत फोडायचं विसरले. प्रसाद वाया जाऊ नये, म्हणून मी तो पिशवीत घातला आणि घरी नेला.

घर म्हणजे लेलेकाकूंची खोली. काकूंकडे मी भाड्याने राहायचो. त्यांनी नारळ कानाशी नेऊन हलवला.

“पाणी भरपूर आहे हो. चांगला आहे. कोणी दिला?”

“कारखान्यातला आहे काकू. पूजेचा.”

“मग वड्याच करते. पण हे बघ, प्रसाद एकट्याने खाऊ नये. उद्या ने सगळ्यांना.”

काकूंना मी दोष देत नाही. कुठली पूजा, कसला नारळ, हे त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण त्यांनी विचारलं नाही, आणि माझ्या डोळ्यांपुढे तोवर वड्या आल्या होत्या. एका नारळाच्या सगळ्यांना पुरणार नाहीत म्हणून काकूंनी त्यात आपल्या घरचे आणखी नारळ खोवून घातले. झालं, डबा गच्च भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वड्या वाटल्या. आंबे सोलायला बसलेल्या बायकांना, डबे धुणाऱ्यांना, पहारेकरी बाळाला, सावंतसाहेबांना. इन्स्पेक्टरसाहेब कोल्हापूरहून आले होते, टायबिय लावून. त्यांनी आधी नको नको केलं, मग दोन घेतल्या. मालकांनी तर मला जवळ बोलावून विचारलं, “ट्रेनिंग संपल्यावर काय करणार आहेस?” माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आणि मिस्त्री. त्यांनी तीन खाल्ल्या. बोटं चाटत म्हणाले, “इंजनेर, आज तू कामाचा मानूस वाटलास.”

इथेच गोष्ट संपली असती, तर आज मी मोठ्या पदावरून निवृत्त झालो असतो.

इन्स्पेक्टरसाहेबांनी बॉयलर ठोकून-ठाकून बघितला, खुश झाले आणि म्हणाले, “आता आग घाला. वाफ चढलेली बघतो, सही करतो. मला दुपारची एस.टी. आहे.” मिस्त्री उदबत्ती लावायला फळीकडे गेले आणि तिथेच उभे राहिले.

“हितला नारल कुटं गेला?”

मिस्त्री बाहेर येऊन बसले. “राखनदाराचा नारल हाय तो. दर साल हंगामाच्या आदी ठेवतो, हंगाम सरला का वाहत्या पान्यात सोडतो. तो जाग्यावर न्हाय, तर मी काय आग घालनार न्हाय.”

तेव्हा मला कळलं. रत्नागिरीत नारळ दोन प्रकारचे. एक फोडायचा, एक ठेवायचा. ठेवलेला त्या जागेची राखण करणाऱ्या देवाचा, त्याला हात लावायचा नाही. ही माहिती आमच्या अभ्यासक्रमात नव्हती.

आता खरं सांगायचं ना? अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात मिस्त्रींनीच विचारलं, “इंजनेर, काल तू हितं साफसफाई केलीस. कोन दिसला का तुना?”

आणि माझ्या तोंडून निघालं, “माकड.”

का निघालं, देव जाणे. पण निघालं. आणि गंमत अशी, की लगेच पहारेकरी बाळा पुढे आला. “बरोबर. मीच बगितला. ह्यो एवडा हुप्प्या हुता. हातात नारल धरून कौलांवरनं गेला.” आंबे सोलणाऱ्या एका मावशींनी तर त्या हुप्प्याचं शेपूट कुठल्या बाजूला तुटलं होतं तेही सांगितलं. मी स्वतः थक्क होऊन ऐकत राहिलो. थोड्या वेळाने मलाही वाटायला लागलं, की खरंच माकडच होतं.

इकडे ऊन चढत होतं, आंबा पिकत होता. सावंतसाहेब मिस्त्रींची मनधरणी करत होते. इन्स्पेक्टरसाहेब घड्याळ बघत म्हणाले, “अहो, हे थोतांड सोडा. विज्ञानाचं युग आहे.” मिस्त्रींनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. साहेबांनी टाय सैल केला.

शेवटी मिस्त्रीच उठले. “मी गाऱ्हानं घालतो. नवा नारल ठेवतो. मग आग.”

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने घातलेलं साकडं. एक जण बोलतो आणि बाकी सगळ्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. सगळ्यांनी व्हय म्हटलं की ते देवाच्या दरबारात रुजू. सगळा कारखाना हात जोडून बॉयलरपुढे उभा राहिला. मालक, सावंतसाहेब, मावश्या, बाळा. इन्स्पेक्टरसाहेब लांब उभे होते, पण मालकांनी बघितल्यावर तेही आले. मला वाटलं, सुटलो.

“बा म्हाराजा, आज ह्यी तुजी लेकरा तुज्यासमोर हात जोडून हुबी हायेत...”

“व्हय म्हाराजा!”

“तू ह्या जाग्याचा राखनदार. तुजा ठेवलेला नारल कोनीतरी नेला...”

“व्हय म्हाराजा!”

“मग तो मानूस आसो, माकड आसो, जेनी कोनी नेला आसंल...”

“व्हय म्हाराजा!”

“...आनि त्या नारलातला एक कन जरी जेच्या जेच्या पोटात गेला आसंल...”

“व्हय म्हाराजा!”

जेच्या जेच्या पोटात! अहो, सगळ्यांच्याच. मालकांच्या, मावश्यांच्या, इन्स्पेक्टरसाहेबांच्या दोनदा, मिस्त्रींच्या तीनदा. सबंध कारखाना आपल्याच पोटाविरुद्ध एकमुखाने अर्ज करत होता.

“...त्याच्या पोटात दिस बुडायच्या आत आसा मुरडा घाल, आसा मुरडा घाल, का त्यो गडबडा लोलत हितं येऊन पडंल...”

सगळ्यांनी व्हय म्हणायला तोंडं उघडली.

“थांबा! व्हय म्हणू नका! कोणी व्हय म्हणू नका!” मी ओरडलो.

सगळी तोंडं उघडीच राहिली. देवाला मध्येच थांबवणारा माणूस त्या कारखान्यात आजवर कोणी बघितला नव्हता.

“मिस्त्री,” मी म्हटलं, “तो नारळ सकाळी तुम्हीच खाल्लात. तीन वड्या.”

मग हळूहळू मिस्त्रींचा जोडलेला हात सुटला आणि पोटावर गेला. मग मालकांचा गेला. मग रांगेने सगळ्यांचे. मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. प्रसाद, बार्शी, लेलेकाकू, नसलेलं माकड. माझा शेरा आता सावंतसाहेब काय लिहिणार ते मला त्यांच्या चेहऱ्यावरच वाचता येत होतं.

“म्हणजे माकड न्हवता?” बाळाने विचारलं. त्याला खरोखरच वाईट वाटलं होतं.

पहिल्यांदा भानावर आले ते विज्ञानयुगातले इन्स्पेक्टरसाहेब. मिस्त्रींच्या जवळ जाऊन, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “हे परत घेता येतं का हो?”

“पुरता झाला न्हाय आजून,” मिस्त्री म्हणाले. “शेवटचा व्हय बाकी हाय. हुबे ऱ्हावा.”

ते माझ्याकडे आले. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. त्यांनी माझा दंड धरला, मला ओढत पुढे नेलं, बॉयलरपुढे उभं केलं आणि पुन्हा हात जोडले.

“बा म्हाराजा, मगाशी मी जो काय बोल्लो, तो बोल्लो न्हाय आसा समज...”

“व्हय म्हाराजा!” एवढा घाईघाईचा व्हय मी कधी ऐकला नव्हता.

“आमी खाल्ला, पन आमाला म्हायती न्हवता...”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांत आधी इन्स्पेक्टरसाहेब.

“ह्या पोराच्या मनात पाप न्हवता. ह्यो घाटावरचा हाय. शिकलेला हाय. तवा ह्याला आक्कल कमी हाय, ता तू समजून घे...”

आणि मंडळी, त्या हंगामातला सगळ्यांत जोरदार, सगळ्यांत एकदिलाचा ‘व्हय म्हाराजा’ तेव्हा उठला. मालक म्हणाले, सावंतसाहेब म्हणाले, मावश्यांनी तर दोनदा म्हटलं. कौलांवरचे कावळे उडाले. आग पडली, वाफ चढली, सही झाली, आणि कोणाचंही पोट दुखलं नाही. संध्याकाळी सावंतसाहेबांनी शेरा लिहिला, ‘वर्तणूक प्रांजळ, आकलन मिस्त्रींनी देवापुढे सांगितल्याप्रमाणे.’

त्यालाही माझी हरकत नव्हती. फक्त एकच गोष्ट मी मिस्त्रींना पुढे बरेच दिवस विचारत होतो, की माझ्या अकलेवर एवढे सगळे जण इतके खुशीत व्हय कसे म्हणाले?

“सगल्यांचा व्हय मना आयकायलाच न्हाय आला, इंजनेर,” मिस्त्री म्हणाले. “माज्या कानाशी तूच येवड्या जोरात वरडत हुतास.”