भासऱ्यांना मारलेली हाक

नवऱ्याचे थोरले भाऊ म्हणजे माझे भासरे. आमच्याकडे सून भासऱ्यांशी बोलत नसे, त्यांच्यासमोर डोक्यावरून पदर ओढून तोंड झाकून घेई. तेही खाकरूनच आत येत आणि मी दिसले की मान वळवून घेत. लग्नाला दहा वर्षं झाली तरी त्यांना काय म्हणून हाक मारायची, हे मला ठाऊक नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती.

एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. धानाची रोवणी आटोपली आणि भासरे शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. नागपूरला नेलं. तिथे मेंदूचा फोटो काढायची मशीन नुकतीच आली होती. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला, तेव्हा मी डबा घेऊन दाराशी उभी होते.

"हे पांढरं दिसतं ते रक्त. मेंदूतल्या पाण्याच्या जागेत उतरलं आहे. वाट बुजली तर पाणी साचेल. आज नाही, पण पुढच्या काही आठवड्यांत होऊ शकतं. फार झोपू लागले, उलटी झाली, तर उठवून बोलतं करा. नीट बोलले नाहीत तर लगेच आणा."

जाऊबाईंनी मान हलवली. जीव वाचला, एवढंच त्यांच्या कानात शिरलं असावं.

घरी आणल्यावर आठ दिवस बरे गेले. मग भासरे दिवसाही झोपू लागले. एका सकाळी उलटी झाली आणि पुन्हा झोपले. सगळे शेतात निंदणाला गेले होते. घरी सासूबाई, मी आणि माझं तान्हं.

"आई, त्यायले उठवून पाहा ना. डॉक्टरनं सांगितलं होतं."

"काहून उठवू? झोपेनंच तं माणूस सुधरते. चौथी शिकली अन् डॉक्टरीण झाली का व तू?"

मी तांदूळ निवडायला घेतले, पण खडे दिसेनात. शेवटी उठून त्यांच्या दाराशी गेले. जाऊबाईंची पोरं म्हणत तसं बाबा म्हणावं, की दादा? तोंडाला येईल ते म्हटलं.

"बाबा, उठा."

दोन-तीन हाकांनी डोळे उघडले. माझा पदर खांद्यावरच राहिला होता, तोंड उघडं होतं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मान वळवली नाही. कोण म्हणूनही विचारलं नाही.

तान्हं सासूबाईंच्या मांडीवर टाकून मी तशीच सगळ्यांना बोलवायला बांधीकडे, धानाच्या शेताकडे पळाले.

त्याच दिवशी नागपूर गाठलं. दुसऱ्या फोटोत पाणी साचलेलं दिसलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच. नळी घालून पाणी काढलं. चौथ्या दिवशी भासऱ्यांनी जाऊबाईंना नावानं ओळखलं.

परत आल्यावरही काही आठवडे लक्ष ठेवायचं होतं. सासूबाई मला म्हणाल्या, "दिवसातून दोनदा तूच हाक मारत जाय त्याले. तुही जाऊ तं रडतच बसते."

मी हाक मारत गेले. पहिले काही दिवस लाजेनं आवाज इतका बारीक निघायचा की ते म्हणायचे, "जरा जोरानं बोल बाई, आयकू येत नाई."