तिसऱ्यांदा विचारण्याची वाट

पोटची पोर जुलाबानं सुकत चाललेली, दारात दवाखान्याची जीप उभी, आणि मी म्हणाले, न्हाई. का, तर लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही. विसाव्या वर्षी मी एवढी शहाणी होते. नातवंडं विचारतात, आजी, तू खरंच इतकी येडी होतीस का? व्हय बाबांनो, याहून जास्तच, पण सगळं सांगत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. हिंगोलीकडच्या गोरेगावात आमचं घर. नवरा कनेरगाव नाक्याला कामावर, घरात मी आणि सासूबाई. दर गुरुवारी परदेशातून आलेली एक नर्सबाई जीपमधून गावात यायची. सगळे तिला सिस्टर म्हणत. तिचं मराठी पुस्तकातून शिकलेलं, त्यामुळे आमच्यापेक्षा शुद्ध. तिनं पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. म्हणाली, अंगातलं पाणी आटलं आहे, हिला सलाईन लावावं लागेल, आत्ताच हिंगोलीला नेऊ या, गाडीत जागा आहे. मी पदर सारखा करत म्हणाले, राहू द्या, तुमाला कशाला तकलीफ.

आता आमच्याकडं पहिलं 'न्हाई' कोणी मोजतच नाही. पाहुणा ताटावर हात आडवा धरतो, वाढणारी हाताला चुकवून भाकर सोडते, तेव्हा कुठं त्याला जेवल्यासारखं वाटतं. नवी नवरी असताना मावससासूकडं मी अर्धपोटी उठले होते, कारण तिनं दोनदाच विचारलं. तेव्हाच शिकायला हवं होतं. पण शिकते कसली. लंगोट्यांचं गठुडं मी सकाळीच बांधून दाराआड ठेवलं होतं. सिस्टरनं अजून दोनदा म्हणायचं, सासूबाईंनी 'जा बाई आता' म्हणायचं, मग मी उपकार केल्यासारखं उठायचं, असा सगळा बेत.

सिस्टरनं साखरमिठाचं पाणी कसं पाजायचं ते दोनदा समजावलं आणि गेली. जीप सुरू झाली तरी मला वाटलं, वळवून घेत असतील. ओसरीवरून सासूबाई म्हणाल्या, "काहून उभी राहून राहिलीस? गेली की ती."

गावात तोवर माझं तोंड पाहिलेला माणूस विरळा. त्या दिवशी सगळ्या बाजारानं पाहिलं. काखेत पोर, पदर खांद्यावर, केस मोकळे. गठुडं अर्थातच घरी. पळता पळता मी सिस्टरला शिव्या देत होते, कसलं दगडाचं काळीज म्हणावं, एकदा विचारलं की संपलं. सेनगावच्या रस्त्याला लागायच्या आधी ड्रायव्हर आडापाशी थांबून इंजिनात पाणी ओतत होता. थांबला नसता तर ही गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नसती.

हिंगोलीत सलाईन लागलं. दिवस कलला तेव्हा पोर माझ्या मांडीवर मुतली. डॉक्टर म्हणाले, झालं, आता भीती नाही. मी ओल्या लुगड्याकडं बघून वेड्यासारखी हसत सुटले. शेजारच्या खाटेवरची म्हातारी दचकून उठून बसली.

जीव भांड्यात पडल्यावर माणसाला भांडायचं बळ येतं. सिस्टर खाटेच्या कडेला बसली होती. मी तिलाच धरलं. तुमच्यात ही काय रीत, म्हटलं, बाईचं पहिलं न्हाई खरं धरता? आमच्यात ज्याची खरी काळजी वाटते त्याचं न्हाई ऐकूनच घेत नाहीत.

तिनं चष्मा काढून पुसला आणि एकेक शब्द जुळवत म्हणाली, "मी जीपमध्ये रडत होते. पण आई तुम्ही आहात. आमच्याकडे आईचा शब्द मोडणं फार वाईट समजतात. तुमच्या मनाविरुद्ध मी तुमचं लेकरू कसं उचलणार होते?"