फ्लेक्सवरचं व्हिएतनाम

मी आजवर एकदाच परदेशी गेलो, तेही फ्लेक्सवर.

तसा मी साधा इंग्रजीचा मास्तर. नागपुरात धरमपेठेच्या पल्याड एका ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. ज्यांच्या घरी कुणी मास्तर नाही अशा सुखी लोकांसाठी सांगतो: जितके तास शिकवलं तितक्याच तासांचा पगार, हे झालं तासिका तत्त्व. दिवाळीला तास नाही, म्हणजे पगार नाही. उन्हाळ्यात तर आम्ही कुणाचेच कुणी नसतो. सुट्टी जाहीर झाली की पोरं बाकं बडवतात आणि मला घाम फुटतो. महाराष्ट्रातल्या समस्त वयोवृद्ध नेत्यांच्या प्रकृतीची माझ्याइतकी काळजी त्यांच्या सुनांनाही नसेल! एखादे आजोबा दवाखान्यात भरती झाल्याची बातमी आली की मी देवापुढं उदबत्ती लावतो. गेले तर दुखवट्याचा दिवस माझ्या पगारातून जाणार ना!

अशी कितीतरी वर्षं काढली. केस गेले, चष्मा आला, 'पुढच्या वर्षी पद मंजूर होईल' हे वाक्य मात्र तसंच तरुण राहिलं. शेवटी एके दिवशी वैशाली, म्हणजे माझी बायको, भाजी निवडता निवडता म्हणाली, "काहून जी, बाहेर देशात इंग्रजी शिकवायले मास्तर लागतात म्हणे. तुम्ही काहून नाही पाहत?"

"माझ्यासारख्याला कोण घेते वं?"

"इथं तरी कोण घेऊन राहिलं?"

मी अर्ज करायला बसलो.

चार देशांनी 'तुमची मातृभाषा इंग्रजी आहे का?' असं विचारून फोन ठेवला. एकानं माझा पासपोर्ट कुठल्या देशाचा ते विचारलं आणि भारताचा म्हटल्यावर 'शुभेच्छा' म्हणाला. (शुभेच्छा हा शब्द मला तेव्हापासूनच सोसत नाही.) मी नाद सोडणार, इतक्यात व्हिएतनाममधल्या एका डोंगराळ गावातल्या शाळेनं कळवलं की आमच्या संचालिका होआ मॅडम तुमची व्हिडिओवर मुलाखत घेतील. नोकरी कायम! राहायला खोली! सुट्टीचाही पगार! ही शेवटची ओळ मी वैशालीला दोनदा वाचून दाखवली. ती पदरानं डोळे पुसून आत गेली. तेव्हा मला कळलं की या नोकरीची मला जेवढी गरज आहे त्याहून तिला जास्त आहे.

अडचण एकच होती. माझ्या फोनचा कॅमेरा फुटलेला. त्यातून बघितलं की माणसाला दोन नाकं दिसायची. चांगला फोन आमच्या नात्यात एकाकडेच होता, तो म्हणजे वैशालीचा धाकटा भाऊ पंकज.

पंक्याची ओळख करून देतो. धंदा काही नाही. पद 'भावी नगरसेवक'. हे पद त्याला कुणी दिलेलं नाही, त्यानं स्वतःच फ्लेक्सवर छापून घेतलं आहे. वस्तीत कुणाचा वाढदिवस असो, बारसं असो, कुणी दहावी पास होवो की नापास होऊन पुन्हा बसो, चौकात पंक्याचा फ्लेक्स लागलाच समजा. वर उत्सवमूर्ती, खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग, आणि मधोमध काळा चष्मा लावून पंक्या. नवरदेवापेक्षा मोठा!

"जिजाजी, टेन्शन कायले घेता? माहा फोन घ्या, माहं नेट घ्या," तो म्हणाला, "मी फक्त बाजूले बसतो."

तो बाजूले बसला, तिथंच माझं व्हिएतनाम बुडालं.

मुलाखत सकाळी झाली. मी वर कोट आणि खाली लुंगी घालून बसलो. होआ मॅडम फार सज्जन बाई. त्यांनी मला लहान मुलांना शिकवतात तसा एक धडा शिकवून दाखवायला सांगितला. मी संत्र्यावर शिकवायला घेतलं. संत्र्याचा रंग सांगून झाला आणि खिडकीखाली कचऱ्याची गाडी गाणं वाजवत उभी राहिली. मी चव सांगायला लागलो तर भंगारवाल्याचा भोंगा सुरू झाला. मी आवाज वाढवत वाढवत गेलो. शेवटच्या फोडीपर्यंत मी किंचाळत होतो! मॅडमना वाटलं ही शिकवण्याचीच पद्धत आहे. त्या म्हणाल्या, "फार उत्साही आहात तुम्ही." मला आयुष्यात उत्साही म्हणणारी ती पहिलीच व्यक्ती.

निरोप घेताना पंक्यानं एकदम मुंडकं मध्ये घातलं आणि हात जोडून म्हणाला, "मॅडम, नमस्ते! एकदा नागपूरले या! संत्रा बर्फी खाऊ घालतो!"

मॅडम हसल्या. त्यांनीही कौतुकानं हात जोडले. पंक्याच्या फोननं 'खच्' असा आवाज केला.

"काय केलं बे?"

"फोटो काढला जी. आठवण."

फोन बंद करण्याआधी मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं की त्या अनुकूल आहेत, पण निर्णय शाळेची समिती घेईल, आठवडाभरात कळवू, तोवर हातातली नोकरी सोडू नका. वैशालीनं लगेच फर्मान काढलं: कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. पंक्याला तर तिनं अन्नाची शपथ घातली.

"ताई, बाप्पा! माह्यावर भरोसा नाही का तुहा?" पंक्या दुखावून म्हणाला, "मी तोंडातून एक शब्द नाही काढत."

आणि खरंच, पोरानं शपथ मोडली नाही. तोंडातून एक शब्द काढला नाही.

दोन दिवसांनी मी कॉलेजला निघालो तर चौकात मीच उभा होतो. वीस फुटी! फोटो माझ्या लग्नातला होता, कारण त्यानंतर माझा हसतानाचा फोटो निघालेलाच नाही. मुंडावळ्या पुसायचा प्रयत्न केलेला होता, त्यामुळे कपाळावर भाजल्यासारखे डाग दिसत होते. माझ्या डाव्या कानातून एक विमान निघालं होतं. वर लिहिलं होतं: 'आमच्या वस्तीची शान, प्रा. देवीदास सर यांची व्हिएतनाम येथे प्राचार्यपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

अर्ज साध्या मास्तरकीचा होता. प्राचार्य मला पंक्यानं केलं.

खाली नेहमीची रांग. बबलूभाऊ, गुड्डूभाऊ, राजूभाऊ, सगळे मिशीवाले, सोनसाखळीवाले, अर्धे फोन कानाला लावून. आणि त्या रांगेच्या शेवटी, हात जोडून, गोड हसत, होआ मॅडम! नावाखाली लिहिलेलं: 'सौ. होआताई, शुभेच्छुक.'

तिथल्या तिथे मी पंक्याला फोन लावला.

"पंक्या, हे काढ आधी!"

"काहून जी? लोकं उभे राहून राहून पाहून राहिले!"

"अरे, अजून नोकरी मिळाली नाही!"

"मिळते ना! म्हणून तर मॅडमले रांगेत घेतलं. आता त्या नाही कशा म्हणतीन? फ्लेक्सवर आलेला माणूस मागं नाही हटत, जिजाजी. आमच्यात तसंच असते."

"त्या तुमच्यातल्या नाहीत रे!"

"आता झाल्या ना जी!"

मी डोकं धरून कॉलेजात पोहोचलो. तिथं स्टाफरूममध्ये प्राचार्य शाल आणि नारळ घेऊनच उभे होते. "काय सर, छुपे रुस्तम निघाले तुम्ही! आमच्याच लायनीत आले आता, प्राचार्य!"

"सर, ऐका ना, अजून तसं काही..."

"लाजता कायले?" त्यांनी शाल माझ्या खांद्यावर टाकली.

आता इथं खरं म्हणजे मी शाल झटकून सांगायला हवं होतं की हा सगळा घोळ आहे. पण इतक्या वर्षांत त्या स्टाफरूममध्ये मला कुणी खुर्चीसुद्धा पुढं केली नव्हती! शालीची ऊब लागली आणि मी पाघळलो. वर कुणीतरी म्हणालं, "दोन शब्द बोला." मी दोन शब्द चांगले अर्धा तास बोललो. कॉलेजचे ऋण मानले. रडलोसुद्धा. डोळे पुसून खाली बसायला गेलो तर माझ्या खुर्चीवर एक मुलगी बसलेली. प्राचार्य म्हणाले, "या भाग्यश्री मॅडम. तुमचे तास उद्यापासून यांना दिले. पोरांचं नुकसान नको ना."

मी शाल पांघरून, नारळ घेऊन बेकार झालो.

घरी आलो तर वैशाली दारातच बसलेली. शेजारच्या काकू नुकत्याच येऊन व्हिएतनामहून लेकीसाठी रेशमी कापड आणायला सांगून गेल्या होत्या. वैशाली म्हणाली, "काही होत नाही जी. तिकडचं पक्कं झालं की झालं." आता सगळं त्या समितीवर होतं.

तेवढ्यात पंक्या नाचत नाचत आला. "जिजाजी, काम फिट! मॅडमचा नंबर माह्याच फोनमध्ये होता ना. फ्लेक्सचा फोटो पाठवून देल्ला त्यायले! भल्ल्या खुश होतीन!"

मी तिथंच बसलो. वैशालीनं पंक्याला लाटणं फेकून मारलं, ते कपाटाला लागलं.

होआ मॅडमचं उत्तर संध्याकाळी आलं. फ्लेक्सवरचा मजकूर कुणाकडून तरी समजून घेऊन मोठ्या सभ्यपणे त्यांनी विचारलं होतं की हे सगळे गृहस्थ कोण आहेत आणि माझा फोटो यांच्यात का आहे? आमच्या समितीचा निर्णय व्हायच्या आधीच तो चौकात कसा लागला? समिती घाबरली आहे. आमची शाळा राजकारणापासून लांब राहते, त्यामुळे नाइलाज आहे. आणि शेवटी: 'तुम्हाला आणि तुमच्या पक्षाला मनापासून शुभेच्छा.'

त्या रात्री आमच्या घरी कुणी जेवलं नाही. वैशाली एवढंच म्हणाली, "सुट्टीचाही पगार होता हो." मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं, त्यात गंमत करण्यासारखं काही नाही.

पुढचे दिवस मी घरात दडून काढले. फ्लेक्स लागल्यावर घराबाहेर कुठल्या तोंडानं पडायचं? दूध आणायलाही मफलर गुंडाळून जायचो. तरी दूधवाला म्हणायचाच, "सर, गेले नाही का अजून?" पंक्या आठवडाभर फिरकला नाही. मग एकदा खाली मान घालून आला आणि गुंडाळलेला फ्लेक्स दारात ठेवून म्हणाला, "उतरवून आणला जी. जाडा आहे. कूलरवर झाकायले होईन." हिवाळ्यात कूलर उघडा ठेवून चालत नाही, म्हणून वैशालीनं तो खरंच कूलरवर घातला. तेव्हापासून मी व्हरांड्यात कूलरला गुंडाळलेला हसत असतो.

महिन्याभरानं दार वाजलं. भाग्यश्री! माझी खुर्ची घेतलेली! म्हणाली, "सर, फ्लेक्स पाहिला होता तुमचा. मलाही बाहेर शिकवायला जायचंय. कुठं अर्ज करायचा असतो?"

म्हटलं, हाकलावं. पण ती मला मनापासून 'सर' म्हणत होती, आणि कॉलेजात मला कुणी तसं म्हणत नसे. शिवाय खोटं कशाला सांगू, ही गेली तर हिचे तास मोकळे होतील हेही डोक्यात आलंच. मी तिला सगळं शिकवलं. पासपोर्टचा प्रश्न आला तर काय बोलायचं, कचऱ्याची गाडी यायच्या आधी मुलाखत कशी उरकायची, संत्रं कसं सोलायचं. आणि मुख्य म्हणजे पंक्या नावाच्या इसमाला ऑर्डर हातात येईपर्यंत काही कळू द्यायचं नाही.

होआ मॅडमच्या शाळेतली ती जागा रिकामीच होती. भाग्यश्रीला ती मिळाली. माझी नोकरी, माझी खोली, माझा सुट्टीचा पगार! पेढा घेऊन आली तेव्हा तो मला गोड लागला, असं मी म्हणणार नाही.

पण प्राचार्यांचा फोन आला. "सर, तुम्ही परत आले म्हणे? नाही जमलं का तिकडं? बरं, या उद्यापासून. तुमचे तास तुम्हीच घ्या. आणि हो, ती शाल चांगली आहे ना अजून? तेवढी धुऊन घेऊन या. भाग्यश्री मॅडमचा सत्कार आहे."

दुसऱ्या दिवशी मी इस्त्री केलेली शाल पिशवीत घालून निघालो. चौकात नवा फ्लेक्स होता. वर भाग्यश्री, तिच्या कानातून तेच विमान, मधोमध काळ्या चष्म्यातला पंक्या. आणि रांगेच्या शेवटी, कपाळावरचे डाग मिरवत, तोच लग्नातला हसरा मी: 'प्रा. देवीदास सर, व्हिएतनाम रिटर्न, शुभेच्छुक.'

कॉलेजात शाल मीच घातली तिला. 'दोन शब्द'ही मीच बोललो, या खेपेला पाऊण तास. सगळे रडले. समारंभामुळे त्या दिवशीचे तास रद्द झाले होते, त्यामुळे सर्वांत जास्त मी रडलो.